घरून पैठण्या विकताना पैसे कुठे घालायचे: फोन, दिवा, माईक की जाहिरात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. येवल्याहून घरूनच पैठण्या आणि सेमी-पैठण्या (पैठणीसारख्या दिसणाऱ्या यंत्रमागाच्या साड्या) विकल्या जातात. इन्स्टाग्रामवर अडीच हजारांच्या आसपास फॉलोअर आहेत आणि ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. "फोटोत रंग वेगळा होता" म्हणून साड्या परत येतात. रील्सना व्ह्यूज मिळतात, पण विचारणा होत नाही. हातात वीस हजार रुपये आहेत. ते नव्या फोनमध्ये घालावेत की जाहिरातीत?

ताई, सध्या दोन्हीत नको. आधी दिवे घ्या, मग माईक, मग स्टँड. उरतील ते पैसे जाहिरातीला ठेवा, पण तीही परत येणाऱ्या साड्या कमी झाल्यावरच सुरू करा. गेल्या चार-पाच वर्षांतला कुठलाही मधल्या किमतीचा फोन या कामाला पुरतो, कारण रील शेवटी १०८० बाय १९२० पिक्सेललाच येऊन बसते. रंग चुकतो त्याचं खापर बहुतेक वेळा फोनवर फुटतं, आणि दोष असतो दिव्याचा.

दिव्यापासूनच सुरुवात करू. घरातली ट्यूब बहुधा ६५०० केल्विनची, म्हणजे निळसर पांढरी असते. त्याच खोलीत एखादा पिवळा बल्ब ३००० केल्विनचा असतो आणि खिडकीतून तिसराच उजेड येत असतो. या तिन्हींत साडी पसरली की पदर निळसर दिसतो आणि निऱ्या पिवळट. असा फोटो कुठल्याही अ‍ॅपमध्ये नीट होत नाही, कारण एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते. म्हणून शूटिंगच्या वेळी एकाच जातीचा उजेड ठेवा. खिडकी वापरायची तर घरातले सगळे दिवे बंद. दिवे वापरायचे तर पडदे ओढून घ्या.

फुकटातला सगळ्यात चांगला उजेड उत्तरेकडच्या खिडकीचा. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात तो फारसा बदलत नाही आणि थेट ऊनही सहसा येत नाही. खिडकी दुसऱ्या दिशेला असेल तर तिच्यावर पांढरी सुती चादर ताणून लावा. अडचण पावसाळ्यात आणि संध्याकाळी येते, त्यासाठी दिवे लागतात. ते घेताना वॅट बघू नका, खोक्यावरचा सीआरआय बघा. रंग किती खरे दिसतील याचा तो आकडा. साध्या घरगुती एलईडीचा तो ८० च्या आसपास असतो. आपल्याला ९५ किंवा त्याहून जास्त हवा, आणि रंगतापमान, म्हणजे तोच केल्विनचा आकडा, ५६००.

यातही एक मेख आहे. सीआरआयचा नेहमीचा आकडा आठ फिकट रंगांच्या सरासरीवरून काढतात. गडद लाल त्यात धरतच नाहीत, त्याचा आकडा 'आर-९' नावाने वेगळा देतात. ८० सीआरआयच्या दिव्यात आर-९ अगदी शून्याच्या जवळही असू शकतो. अशा दिव्याखाली कुसुंबी विटकरी दिसतो आणि राणी कलर मळकट. तुमच्याकडे लाल, राणी, वांगी हेच रंग जास्त खपत असणार, म्हणून दुकानदाराला आर-९ विचाराच. ९० च्या वर असेल तर उत्तम. ज्याच्यावर हा आकडा कुठेच दिलेला नाही, तो दिवा साडीसाठी घेऊ नका.

रिंग लाइट घेऊ नका. चेहऱ्याला तो ठीक आहे. जरीत मात्र त्याचा गोल चमकतो, आणि उजेड समोरून सपाट पडल्यामुळे वीण मरते. सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी) लावलेले किंवा पुढे पांढरं झिरझिरीत कापड ताणलेले दोन दिवे घ्या. एक साडीच्या डाव्या बाजूने, साधारण ४५ अंशांत, डोक्याच्या थोडा वर. दुसरा उजवीकडे, पण पहिल्याच्या दुप्पट अंतरावर, म्हणजे सावल्या फक्त हलक्या होतात आणि वीण उठून दिसते. एकच दिवा परवडत असेल तर दुसऱ्या बाजूला मोठा पांढरा पुठ्ठा उभा करा. जरीवर पांढरा डाग चमकतोय असं वाटलं तर दिव्याचा उजेड कमी करू नका, त्याचा कोन बदला. वीतभर सरकवला तरी डाग जातो.

व्हिडिओत आडवे काळे पट्टे सरकताना दिसतात, त्याचं कारण वीज. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. प्रो मोडमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याची सेटिंग हाताने बसवता येते तिथे, शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवलं की पट्टे जातात. १/६० किंवा १/१२० ठेवलं तर हमखास येतात. काही फोनमध्ये 'अँटी-फ्लिकर' किंवा 'अँटी-बँडिंग' अशी सेटिंग असते, तिथे ५० हर्ट्झ निवडा.

आता कॅमेरा. लेन्स आधी सुती कापडाने पुसा. फराळाचे हात लागलेल्या लेन्समधून जरी नेहमी धुरकट दिसते. मग सीन ऑप्टिमायझर, एआय कॅमेरा, ब्यूटी, फिल्टर जे जे चालू असेल ते बंद करा. आयफोन असेल तर कॅमेऱ्याच्या व्हिडिओ सेटिंगमधला एचडीआर व्हिडिओही बंद करा. त्यातली क्लिप तुमच्या स्क्रीनवर झकास दिसते आणि दुसऱ्याच्या फोनवर फिकट किंवा भगभगीत.

सगळ्यात जास्त घोळ घालतो तो ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाचा रंग ओळखून कॅमेऱ्याने आपोआप रंग सुधारणं. हिरवीगार साडी फ्रेमभर पसरली की कॅमेऱ्याला वाटतं उजेडच हिरवा आहे. मग तो हिरवा मारायला गुलाबी मिसळतो. त्यामुळे पोपटी साडी शेवाळी दिसते, आणि तीच क्लिप दुसऱ्या कोनातून पुन्हा पोपटी होते. उपाय असा: दोन-तीनशे रुपयांना १८ टक्के करडं कार्ड मिळतं, ते साडीवर ठेवून एक फोटो घ्या. प्रो मोडमध्ये केल्विनचा आकडा असा बसवा की कार्ड करडंच दिसेल, ना निळसर ना पिवळट. ५६०० च्या दिव्यांत हा आकडा ५२०० ते ५८०० च्या दरम्यान कुठेतरी येतो. तो कागदावर लिहून दिव्याच्या स्टँडला चिकटवा आणि रोज तोच वापरा.

कार्डाऐवजी गादीवरची पांढरी चादर चालणार नाही. तिला नीळ दिलेली असते. झेरॉक्सचा कागदही नको, त्यात पांढरेपणासाठी घातलेल्या रसायनामुळे तो निळसर उजेड फेकतो. या दोन्हींवरून बॅलन्स बसवला तर सगळ्या साड्या पिवळट येतात.

दुसरी गोष्ट एक्स्पोजरची, म्हणजे फोटो किती उजळ यावा याची. लाल आणि राणी रंगात सेन्सरचा लाल भाग आधी भरतो. मग कापडाची घडी, बुट्टी, वीण काहीच दिसत नाही, नुसता लाल ठिपका उरतो. अशा साड्यांना एक्स्पोजर उणे ०.३ ते उणे ०.७ करा. आयफोनवर साडीवर बोट दाबून धरलं की एक्स्पोजर आणि फोकस लॉक होतात, मग शेजारचा सूर्य थोडा खाली ओढा. काळ्या चंद्रकळेचं कारण वेगळं असतं: कॅमेरा तिला उजळवून करडी करतो, म्हणून तिथेही उणे करा, अगदी उणे १ पर्यंत. मोतिया किंवा पांढऱ्या साडीला मात्र अधिक ०.३ लागतं.

फोन साडीपासून सहा-सात फुटांवर ठेवा आणि २एक्स झूम वापरा. जवळून वाइड लेन्सने काढलं की काठ कडेला वाकतो आणि साडी नेसलेली बाई बुटकी दिसते. काठाचं क्लोजअप घेताना फोन आपोआप मॅक्रोला, म्हणजे बहुतेक फोनमध्ये अल्ट्रावाइड लेन्सला जातो. तेव्हा कोपऱ्यात फुलाची खूण येते आणि रंग एकदम बदललेला दिसतो. ती खूण बंद करा आणि हातभर मागे या.

शेवटचा घोळ स्क्रीनचा. अ‍ॅमोलेड फोनवर डिस्प्ले 'व्हिविड'वर असतो, तो रंग फुगवून दाखवतो. सेटिंगमध्ये 'नॅचरल' निवडा. नाइट शिफ्ट, ट्रू टोन, डोळ्यांच्या आरामाचं सेटिंग, सगळं बंद करा. मग साडी हातात घेऊन खिडकीशी उभं राहा आणि फोटो शेजारी धरून बघा. घरातल्या दुसऱ्या कंपनीच्या फोनवरही तोच फोटो बघा. दोन्हीकडे साधारण जुळला तर पुढे पाठवा.

गिऱ्हाइकाची स्क्रीन आपल्या हातात नाही. म्हणून रंग शब्दांतही लिहा, आणि अंग व काठ वेगवेगळे लिहा: "अंग राणी, काठ-पदर पोपटी." धूपछाँव साडीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या, त्यामुळे एका फोटोत तिचा रंग मावतच नाही. तिथे पंधरा सेकंदांचा व्हिडिओ घ्या. साडी हातावर टाकून सावकाश उजेडाकडे आणि उजेडापासून लांब वळवा. पैसे घेण्याआधी प्रत्येक गिऱ्हाइकाला खिडकीच्या उजेडात काढलेला, कुठलाही फिल्टर नसलेला एक व्हिडिओ पाठवायचाच, असा नियम ठेवा. त्यावर "हो, हीच पाठवा" असं लेखी आलं की पाठवणी. परत येणाऱ्या साड्या सगळ्यात जास्त याने कमी होतात, नव्या फोनने नाही.

एक सवय मात्र मोडा: क्लिप एका फोनवर काढायची, व्हॉट्सअ‍ॅपने दुसऱ्या फोनवर पाठवायची आणि तिथून इन्स्टाग्रामवर टाकायची. व्हॉट्सअ‍ॅप ती दाबून बारीक करतं, इन्स्टाग्राम पुन्हा दाबतं आणि जरीचा भुगा होतो. पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये मीडिया क्वालिटीखाली सर्वोच्च दर्जाने अपलोड करण्याचं बटण आहे, तेही चालू करा.

आवाजासाठी कॉलरला लावायचा वायरचा माईक हजाराच्या आत येतो आणि घरातल्या कामाला वायरलेसइतकाच चांगला चालतो. बोया बीवाय-एम१ घेतलात तर त्याला सहा मीटरची वायर असते आणि डबीवर एक बटण. फोनसाठी ते 'स्मार्टफोन'कडे ठेवायचं. 'कॅमेरा'कडे ठेवलं तर आत एलआर-४४ चा सेल लागतो, आणि "माईक बंद पडला" अशा तक्रारींमागे बऱ्याचदा हेच बटण असतं. फोनला हेडफोनचं ३.५ मिमीचं भोक नसेल तर टाइप-सी अडॅप्टर लागेल. तो तुमच्याच फोनच्या कंपनीचा घ्या. पन्नास-शंभर रुपयांच्या अडॅप्टरवर गाणी ऐकू येतात, माईक चालेलच असं नाही.

हिंडत-फिरत बोलायचं असेल तर टाइप-सी रिसीव्हरचा वायरलेस माईक घ्या, अडीच ते चार हजारांत. बरेचसे वायरलेस माईक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. वायफायचा राउटरही तीच लहर वापरतो. आवाज तुटत असेल तर राउटरपासून लांब सरका.

माईक हनुवटीखाली वीतभर अंतरावर हवा. पदराच्या बाजूला लावू नका. रेशीम घासलं की खरखर येते, आणि मंगळसूत्राचे मणी माईकवर आपटले की प्रत्येक हालचालीला टकटक होते. पदर नसलेल्या बाजूला ब्लाउजच्या गळ्याशी लावा आणि मंगळसूत्र पदराखाली घ्या. पंखा बंद. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, पण साड्यांनी भरलेल्या कपाटाची दारं उघडून त्याच्यासमोर बोललं तर बराच घुमारा कमी होतो. ही सोय बाकी धंद्यांना नाही, तुम्हाला फुकट आहे. आधी दहा सेकंदांची चाचणी घेऊन हेडफोनने ऐका. रेकॉर्डिंग फोनच्या कॅमेरा अ‍ॅपमध्ये करा, कारण दुसऱ्या अ‍ॅपच्या आतल्या कॅमेऱ्यातून काही फोन बाहेरचा माईक घेत नाहीत.

व्ह्यूज आहेत पण विचारणा नाही, याचं कारण बहुतेक वेळा गाणं आणि लपवलेली किंमत असतं. ट्रेंडिंग गाण्यावर गिरकी घेतलेली रील गाणं आवडणाऱ्यांपर्यंत जाते, साडी घेणाऱ्यांपर्यंत नाही. शिवाय बिझनेस खात्याला सगळी गाणी वापरायची मुभा नसते. परवानगीशिवाय घातलेल्या गाण्याचा आवाज कधीही बंद होऊ शकतो. बोला. पहिल्या दोन सेकंदांत पदर उघडा आणि किंमत सांगा. "प्राइस इन डीएम" (किंमत खाजगी मेसेजमध्ये) लिहिल्याने विचारणा वाढते असं सगळे सांगतात. वाढते ती ज्यांना परवडणारच नाही त्यांची, आणि तुमचा दिवस त्यांना उत्तरं देण्यात जातो.

रीलमध्ये क्रमाने हे दाखवा: पदर, पदराची उलटी बाजू, काठ जवळून, अंगावरची बुट्टी, ब्लाउजपीस, मग नेसलेली साडी. उलट्या बाजूला फार महत्त्व आहे. हातमागाच्या पैठणीत पदराची नक्षी मागूनही तितकीच स्वच्छ असते, यंत्रमागाच्या साडीला मागे लोंबते किंवा कापलेले धागे दिसतात. जाणकार गिऱ्हाईक तेवढ्यासाठीच थांबतं. तीस-चाळीस सेकंद पुरेत. स्क्रीनवरची अक्षरं मधल्या भागात ठेवा, कारण खाली कॅप्शन आणि उजवीकडे बटणं येतात. जानेवारी २०२५ पासून प्रोफाइलवरचे चौकोन उभे झाले आहेत, त्यामुळे जुनी चौकोनी कव्हरं कडेने कापली जातात. तीही बदलून घ्या.

सेमी-पैठणीला सेमी-पैठणीच लिहा. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, आणि यंत्रमागाची साडी 'अस्सल हातमाग' म्हणून विकणं ही दिशाभूल करणारी जाहिरात ठरते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये तिला दहा लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. शुद्ध रेशमाच्या साडीला सिल्क मार्कचं लेबल असेल तर ते क्लोजअपमध्ये दाखवा. एखाद्या इन्फ्लुएन्सर मुलीला साडी फुकट दिलीत तरी तो मोबदलाच धरला जातो. तिने पोस्टवर तसं स्पष्ट लिहायला हवं, पैसे दिले नसले तरी.

लाइव्ह विक्री तुम्हाला जमेल. इन्स्टाग्रामने ऑगस्ट २०२५ पासून लाइव्हला किमान एक हजार फॉलोअर आणि सार्वजनिक खातं अशी अट घातली, ती तुम्ही पार केली आहे. लाइव्हमध्ये फोन तापतो आणि तापला की स्क्रीन मंद होते, चित्र अडखळतं. कव्हर काढा, आधी पूर्ण चार्ज करा आणि चार्जर शक्यतो लावू नका. कॉल आला की आवाज जातो, म्हणून डू नॉट डिस्टर्ब लावा, किंवा फोन विमान मोडवर टाकून फक्त वायफाय चालू ठेवा. कमेंट वाचायला घरातलं दुसरं माणूस दुसरा फोन घेऊन बसवा. प्रत्येक साडीला नंबराची चिठ्ठी लावा. "ती हिरवी" यावर तीन बायका हक्क सांगतात.

ऑर्डरचा फोन वेगळा ठेवा, त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस. कॅटलॉगमध्ये साडी विकली गेली की त्याच दिवशी काढा, जुना माल दिसत राहिला की विश्वास जातो. क्विक रिप्लायमध्ये चार उत्तरं भरून ठेवा: किंमत व पोस्टेज, साडीची लांबी, परतीचे नियम, पैसे कसे द्यायचे. लेबलं मोजकी ठेवा: विचारणा, पैसे आले, पाठवली, परत. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच मेसेज पोचतो. म्हणून पार्सलमध्ये नंबराचं कार्ड टाका आणि सेव्ह करायला सांगा. विकत घेतलेल्या नंबरांवर एकगठ्ठा मेसेज पाठवणारी अ‍ॅप वापरू नका. नंबर बंद झाला तर गिऱ्हाइकांची सगळी यादीच हातची जाते.

जाहिरातीला हात घालाल तेव्हा 'बूस्ट'चं बटण दाबू नका. त्यातून लाइक स्वस्तात मिळतात, गिऱ्हाईक नाही. अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये जा, उद्दिष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येणं हे निवडा. जी रील आपसूक जास्त सेव्ह आणि शेअर झाली तीच जाहिरातीला लावा, नवी बनवू नका. रोज २०० रुपये, सात दिवस, त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा धरा. मधे बजेट किंवा शहर बदलत बसू नका. प्रत्येक बदलाने यंत्रणा पुन्हा शिकायला लागते.

हिशेब मेसेजचा ठेवू नका, साडीचा ठेवा. समजा कर धरून १,६५० रुपये गेले, ४० मेसेज आले आणि तीन साड्या गेल्या. म्हणजे साडीमागे ५५० रुपये. सहा हजारांच्या सेमी-पैठणीत १,२०० सुटत असतील तर परवडतं. त्यातली एक परत आली तर साडीमागे ८२५, शिवाय दोन्हीकडचं पोस्टेज. म्हणूनच रंगाचं काम आधी सांगितलं.

वीस हजारांची वाटणी साधारण अशी: दोन दिवे स्टँड आणि सॉफ्टबॉक्ससह सात-आठ हजार, ट्रायपॉड दीड-दोन हजार, माईक एक ते चार हजार, करडं कार्ड आणि किरकोळ सामान पाचशे. बाकीचे जाहिरातीला ठेवा.

खातं मात्र आजच सुरक्षित करा. टू-फॅक्टर (पासवर्डनंतर आणखी एक कोड विचारणारी सोय) चालू करून बॅकअप कोड कागदावर लिहून कपाटात ठेवा. "तुमच्या पेजने कॉपीराइट मोडला आहे, २४ तासांत बंद होईल, इथे लॉगिन करा" असा मेसेज इनबॉक्समध्ये आला तर तो खोटाच समजा. खरी नोटीस अ‍ॅपच्या 'अकाउंट स्टेटस'मध्ये दिसते. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट कुणीही बनवतं, तेव्हा बँकेच्या अ‍ॅपमध्ये रक्कम दिसल्याशिवाय पार्सल बांधू नका. आणि "मी पैसे पाठवतो, तुम्ही क्यूआर स्कॅन करून पिन टाका" असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही.